ठसका लागला नाही म्हणजे घास नीट उतरला, असं नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या सिस्टरचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"जीएनएम (नर्सिंगचा अभ्यासक्रम) करून 3 वर्षं झाली. आमच्याकडे 18 आजी-आजोबा आहेत आणि शिफ्टला मी एकटी, सोबत 2 मावशी. चौघांना गिळायला त्रास होतो. एका आजोबांना 5 महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली आहे. त्यांना पाण्याने ठसका लागतो. डिमेन्शियाच्या एक आजी घास तोंडात धरून बसतात. पार्किन्सन्सच्या आजोबांना जेवायला तास लागतो. चौथ्या आजी 3 महिन्यांपासून राइल्स ट्यूबवर (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवर) आहेत, त्यांचा मुलगा म्हणतो, तोंडानेही थोडं द्या. केस पेपरवर सगळ्यांना 'सॉफ्ट डाएट' एवढंच लिहिलेलं असतं. मागच्या महिन्यात एक आजोबा न्यूमोनियाने गेले. त्यांना कधी ठसकाही लागला नव्हता. आमचं काय चुकलं? मी काय शिकू आणि मावशींना काय शिकवू?"

प्रिय सिस्टर,

न्यूमोनियाने गेलेल्या त्या आजोबांपासूनच सुरुवात करू, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यातून निघतात. घास घशाशी आला की श्वास क्षणभर थांबतो, घाटी (गळ्यावरचा वर-खाली हलणारा उंचवटा) वर उचलली जाते, श्वासनलिकेवरचं झाकण मिटतं आणि घास मागच्या बाजूने अन्ननलिकेत उतरतो. सगळं मिळून सेकंदभराचं काम. वय झालं की जिभेचा जोर कमी होतो, घाटी उशिरा उचलते, आणि पाणी झाकण मिटायच्या आतच खाली पोचतं. धडधाकट माणूस ते खोकून बाहेर काढतो. पक्षाघात, पार्किन्सन्स आणि डिमेन्शियात मात्र घशाची जाणीवच बोथट होते. पाणी फुफ्फुसात जातं आणि खोकला येत नाही. याला 'सायलेंट अ‍ॅस्पिरेशन' म्हणतात. तुमच्या त्या आजोबांना हेच झालं होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण 'ठसका नाही म्हणजे धोका नाही' हा समज तुमच्या विभागातून आजच जायला हवा. पाण्याने ठसका लागणारे आजोबा निदान आपल्याला सांगतात तरी. जे काहीच सांगत नाहीत, त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं.

मग ओळखायचं कसं? आवाजावरून. दर 3-4 चमच्यांनंतर "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा आला तर काहीतरी स्वरयंत्रावर साचलं आहे. शिवाय बघा: खाताना डोळ्यांत पाणी येणं, नाक वाहणं, चेहऱ्याचा रंग बदलणं, एका घासाला दोन-तीनदा गिळावं लागणं, जेवण अर्ध्या तासाच्या पुढे लांबणं, संध्याकाळची बारीक कणकण, उतरत जाणारं वजन. श्वास जेवणाआधी पूर्ण एक मिनिट मोजा आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. 16 वरून 24-26 वर गेला तर डॉक्टरांना कळवा, ताप येईपर्यंत थांबू नका. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. कधी नुसतं "आज आजोबा गुंगीत आहेत, असंबद्ध बोलताहेत" एवढंच दिसतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर यासाठी विसंबू नका. घास चुकीच्या वाटेने गेला तरी आकडा हलेलच असं नाही.

आता थोडं ऐकायला अवघड वाटेल असं. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत आणि नर्सिंग होममध्ये झालेला एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाला असा न्यूमोनिया होणार, हे सांगणारी सर्वांत ठळक खूण गिळण्याचा त्रास ही नव्हती. ती होती दुसऱ्याच्या हातून जेवावं लागणं. त्यासोबत दुसऱ्याकडून दात घासून घ्यावे लागणं, किडलेले दात, नळीने अन्न आणि औषधांची मोठी यादी याही खुणा होत्या. म्हणजे काय शिजवलं याइतकंच, कुणी आणि कसं भरवलं आणि तोंड किती स्वच्छ होतं याला महत्त्व आहे. हे सिस्टर आणि मावशींच्याच हातात असतं. म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

आधी बसवणं. पलंगाचं डोकं वर केलं की झालं, असं नाही. माणूस हळूहळू खाली घसरतो, कमरेत वाकतो आणि मान मागे जाते. म्हणून आधी त्यांना वर सरकवून घ्या, गुडघ्यांखाली उशी द्या, कमरेच्या पोकळीत एक छोटी उशी द्या, आणि मगच पाठ उभी करा. खुर्चीत बसता येत असेल तर खुर्चीच बरी; तळवे जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले हवेत. हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभ्या राहून भरवलंत की आजी वर बघतात, आणि वर बघितलं की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. म्हणून भरवणारीने स्टुलावर बसायचं, डोळ्याला डोळा येईल असं. मावशींना एकच गोष्ट शिकवायला वेळ मिळाला तर हीच शिकवा.

आपल्याकडे ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणत टाळूवर थापटायची आणि लगेच पाण्याचा पेला पुढे करायची रीत आहे. तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. वर बघितल्याने अडकलेलं आत जातं आणि पाणी त्याच चुकीच्या वाटेने मागून जातं. ठसका लागला की पुढे वाकवा आणि खोकू द्या. खोकला मोठा आहे, आवाज येतो आहे, तोवर पाठीवर मारू नका. आवाजच येत नाही, बोलता येत नाही, चेहरा निळसर पडतो आहे, तर मात्र पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने 5 फटके द्या. मोकळं झालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने 5 झटके, आणि पुन्हा पाठ. सक्शन (तोंडातलं ओढून घेणारं यंत्र) जवळ असेल तर घ्या, कुणालातरी 108 ला फोन करायला लावा. बोट आंधळेपणाने घशात घालू नका. शुद्ध गेली तर सीपीआर (छातीवर दाब देणं) सुरू.

आता चमचा. पोह्यांचा मोठा चमचा नको, चहाचा, सपाट असलेला घ्या आणि निम्मा भरा. म्हणजे 2-3 मिली. चमचा खालून, आडवा न्या. जिभेच्या मध्यावर टेकवा, हलकंसं दाबा आणि सरळ मागे घ्या. वरच्या दातांवर घासून चमचा रिकामा करायची सवय फार जणींना असते, त्याने मान मागे जाते. आता थांबा आणि घाटीकडे बघा. ती वर गेली, खाली आली, म्हणजे गिळलं. दिसत नसेल तर चार बोटं अलगद गळ्यावर ठेवा, तर्जनी हनुवटीच्या खाली आणि बाकीची घाटीपर्यंत. हालचाल बोटांना कळते. घाटी हलल्याशिवाय दुसरा चमचा नाही. मग एकदा रिकामंच गिळायला सांगा. सिरिंजने तोंडात औषध किंवा पेज सोडणं, आडवं झोपवून फीडिंग कपच्या चोचीने पाजणं हे बंद करा. त्यात गिळायची वेळ रुग्ण ठरवत नाही, आपण ठरवतो. पेल्याने द्यायचं तर नाकाशी खाच असलेला पेला मिळतो. नाक अडत नाही आणि मान मागे न्यावी लागत नाही.

टीव्ही बंद. तोंडात घास असताना "जेवण आवडलं का?" असं विचारू नका, उत्तर द्यायला श्वास घेतला की घास आत जातो. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसतंच ठेवा. दुपारी 12 ला जेवून 12.10 ला आडवं केलेल्या आजोबांच्या पोटातलं अन्न मागे येऊन घशात उतरू शकतं, आणि झोपेत ते कुणाला दिसतही नाही.

"18 जणांत हे जमायचं कसं?" हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. सगळ्यांना 12 वाजता वाढू नका. या चौघांतले तिघे तोंडाने खातात, त्यांना एकाच माणसाचा प्रत्येकी अर्धा तास लागतो. साडेअकरा, बारा, साडेबारा अशा वेळा वाटून द्या, बाकीचे स्वतः जेवतात तेव्हा दुसरी मावशी तिथे असेल. अर्ध्या तासात संपलं नाही तर ताट उचला आणि 2 तासांनी पुन्हा थोडं द्या. थकलेला माणूस शेवटचे 5 घास सर्वांत वाईट गिळतो. पोट भरायला 3 मोठ्या जेवणांपेक्षा 5-6 छोटी बरी. नातेवाईक भेटायला येतात त्यातली एक वेळ जेवणाचीच ठेवा, त्यांना स्टुलावर बसवून शिकवा.

तोंडाकडे या. डाव्या बाजूचा पक्षाघात झालेल्या आजोबांचा डावा गाल जेवणानंतर 2 तासांनी बोटाने हलकेच बाजूला करून बॅटरीच्या उजेडात बघा. गाल आणि दात यांच्या खाचेत मऊ झालेली शितं, डाळीचा थर, कधी सकाळच्या गोळीचा तुकडाही सापडतो. त्यांना तो जाणवत नाही, जीभ तिकडे जात नाही. रात्री आडवं झाल्यावर ते सगळं लाळेसोबत घशात येतं. लाळ तर पुष्कळ धडधाकट माणसांचीही झोपेत थोडीफार फुफ्फुसात उतरते. घाण तोंडातली लाळ जंतूंनी भरलेली असते, हाच फरक. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत 2 वर्षं हे तपासलं, 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे रोज जेवणानंतर कर्मचाऱ्यांनी दात घासून दिले तिथे 11 टक्के जणांना न्यूमोनिया झाला, जिथे दिले नाहीत तिथे 19 टक्के जणांना. एका ब्रशने एवढा फरक पडत असेल तर तो ब्रश औषधाइतकाच नेमाने लागला पाहिजे.

मऊ ब्रश, हरभऱ्याएवढी पेस्ट, शक्यतो फेस न होणारी. बसवून, नाहीतर कुशीवर. चूळ भरता येत नसेल तर ओल्या गॉझने पुसून काढा, सक्शन असेल तर सोबत चालू ठेवा. जीभ आणि टाळूही. सकाळी, प्रत्येक जेवणानंतर आणि रात्री झोपण्याआधी. रात्रीचं चुकवू नका. कवळी रात्री काढायची, ब्रशने घासून स्वच्छ पाण्यात ठेवायची. घासताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. वजन उतरलं की कवळी सैल होते आणि चावताना नाचते, तेही बघा. लिंबू-ग्लिसरिनचे बोळे तोंड आणखी कोरडं करतात, ते नकोत.

'सॉफ्ट डाएट' या दोन शब्दांवर काम करणं बंद करा. एका स्वयंपाकघरात त्याचा अर्थ खिचडी, दुसऱ्यात चहा-बिस्कीट, तिसऱ्यात ताक-भात. जगभर आता आयडीडीएसआय नावाची 0 ते 7 अशी मोजपट्टी वापरतात. पेयं 0 ते 4, जेवण 3 ते 7. 0 म्हणजे साधं पाणी, 4 म्हणजे चमच्यावर राहणारं, घोटून चाळलेल्या लगद्यासारखं गुळगुळीत, 5 म्हणजे 4 मिमीपेक्षा मोठा कण नसलेलं ओलसर बारीक, 6 म्हणजे मऊ आणि दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही असा घास, 7 म्हणजे नेहमीचं. डॉक्टरांना राऊंडला स्पष्ट विचारा: पेय कुठल्या आकड्याचं, जेवण कुठल्या आकड्याचं, आणि सोबत कुणी बसायचं का? उत्तर केस पेपरवर लिहून घ्या. ते आकडा सांगू शकले नाहीत तर रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवायला हेच कारण.

पातळ पेय झाकण मिटायच्या आत खाली पोचतं, म्हणून काहींना ते दाट करून देतात. तो दाटपणा डोळ्याने ठरवू नका, मोजा. 10 मिलीची साधी सिरिंज घ्या, तोंडाला आटे नसलेली. पट्टीने बघा, 0 पासून 10 च्या खुणेपर्यंत 61.5 मिमी हवं. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, 10 मिलीपर्यंत पेय भरा, बोट काढा, 10 सेकंद मोजा, पुन्हा बंद करा. 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर स्तर 0, 1 ते 4 उरलं तर 1, 4 ते 8 उरलं तर 2, 8 च्या वर तर 3. काहीच पडलं नाही तर 4. आणि हे पेय पाजायच्या तापमानालाच मोजा. नाचणीची आंबील गरम असताना 2 ला बसते आणि गार झाल्यावर घट्ट होते. पेज, तांदळाची पिठी, आरारूट ही पिष्टाची दाटी तोंडातल्या लाळेने पातळही होते: त्याच चमच्याने पुन्हापुन्हा त्याच वाटीतून भरवलंत तर शेवटी वाटीत पाणी सुटलेलं दिसतं. झँथन गमची पावडर या लाळेला दाद देत नाही, म्हणून परवडत असेल तर तीच बरी. पावडरचा डबा मात्र कपाटात बंद ठेवा. कोरडी पावडर कुणी गोंधळलेल्या आजींनी तोंडात टाकली तर ती घशातच फुगते.

एक जोडी नेहमी लक्षात ठेवा. बद्धकोष्ठासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती पिष्टाच्या दाटीत घातली की पेय पुन्हा पाण्यासारखं होतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2021 मध्ये यावर इशारा दिला आहे. इसबगोल या रुग्णांना देऊच नका, घशात फुगून बसतो.

दाट पाणी सगळ्यांना चांगलं, असंही नाही. त्याची चव नकोशी वाटते, माणूस कमी पितो, लघवी गडद होते, गुंगी येते. दिवसाला किती मिली पोटात गेलं ते लिहा. हृदय-मूत्रपिंडाचं बंधन नसेल तर 1200 ते 1500 मिलीचं लक्ष्य ठेवा. म्हणूनच दाटी हा स्पीच थेरपिस्टच्या (वाचा आणि गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) तपासणीनंतरचा निर्णय असावा, भीतीपोटी सगळ्यांना लावायचा नियम नव्हे.

जेवणाचं म्हणाल तर आपल्याकडची सर्वांत फसवी गोष्ट आहे दोन जातींचा घास. पातळ आमटीतला भात, दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट. पाणी आधी पळतं, घन मागे राहतं, एकाच वेळी दोन्ही सांभाळणं थकलेल्या घशाला जमत नाही. कलिंगड आणि संत्र्याची फोड हीही त्यातलीच. आइस्क्रीम तोंडात जाताना घट्ट असतं, घशाशी पोचेपर्यंत पाणी. शेंगदाण्याचं कूट, चिवडा, कोरडी भाकरी यांचे कण तोंडभर पसरतात, साबुदाणा चिकटतो. वरणभात स्तर 4 ला न्यायचा तर तांदूळ 5-6 पट पाण्यात आसट शिजवा, घट्ट साधं वरण आणि तूप घालून घोटा आणि चाळणीतून काढा. फोडणी नको: मोहरी, जिरं, कढीपत्ता हेच घशात अडकतात. चव हिंग-हळद-मीठ-लिंबाच्या रसाने आणा. मिक्सर फार वेळ फिरवला की भात खळीसारखा चिकट होतो. मग थोडं गरम दूध घालून सैल करा. तपासायची खूण: चमचा तिरका केला की गोळा एकदम सुटून पडला पाहिजे आणि चमच्यावर चिकटलेलं फारसं उरायला नको.

आता तुमचे चौघे.

पक्षाघाताच्या आजोबांना घास उजव्या, चांगल्या बाजूने द्या. मेंदूची उजवी बाजू दुखावलेल्या माणसाला डावीकडचं ताट दिसूनही जाणवत नाही, आणि घाईही फार होते. घशात एक घास असताना दुसरा उचलतात. म्हणून ताट समोर ठेवूच नका, एकेक वाटी द्या. मान वळवून गिळण्याच्या काही युक्त्या आहेत, पण त्या तपासणीशिवाय करू नका, चुकीच्या माणसाला त्या उलट्या पडतात. पक्षाघातानंतर पुष्कळांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं. 5 महिन्यांनीही पाण्याचा ठसका आहे म्हणजे फेरतपासणी राहिली आहे. तुमच्या जिल्ह्यात मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात गिळण्याच्या तपासणीची चौकशी करा. मुंबईला जाणं शक्य असेल तर नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था या क्षेत्रातल्या जुन्या जागा आहेत. दुर्बिणीने किंवा बेरियमच्या एक्स-रे चित्रफितीने घास नेमका कुठे जातो ते दिसतं. सायलेंट अ‍ॅस्पिरेशनची खात्री त्याशिवाय होत नाही.

तुम्ही स्वतः चाचणी घेऊ शकता, पण पायरीने. आधी माणूस 15 मिनिटं जागा राहतो का, बसू शकतो का, सांगितल्यावर खोकतो का, लाळ गिळतो का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर तोंडाने काही नाही, डॉक्टरांना कळवा. सगळं ठीक असेल तर आधी दाट केलेलं पाणी अर्धा चमचा, मग 5 चमचे. तेही ठीक गेलं तरच साधं पाणी 3, 5, 10, 20 आणि शेवटी 50 मिली. ठसका, ओला आवाज, लाळ गळणं, यातलं काही दिसलं की तिथेच थांबायचं.

डिमेन्शियाच्या आजींना "गिळा, गिळा" म्हणून उपयोग नाही, शब्द पोचत नाहीत. त्यांच्या हातात चमचा द्या आणि हात तुमच्या हाताने धरून तोंडापर्यंत न्या. हाताला जुनी सवय आठवते. रिकामा थंड चमचा जिभेवर टेकवला की पुष्कळदा अडकलेला घास गिळला जातो. ठळक चव, म्हणजे थोडं आंबटगोड किंवा गार, मदत करते. गाल रिकामा झाला हे बघितल्याशिवाय आडवं करू नका. पुढे कधी त्या खाणं फार कमी करतील तेव्हा नळीचा आग्रह होईल. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही; अमेरिकेच्या वृद्धवैद्यक संघटनेने 2014 मध्ये हाताने भरवणंच सुचवलं आहे. हे घरच्यांशी आधीच, शांतपणे बोलून ठेवायला डॉक्टरांना सांगा.

पार्किन्सन्सच्या आजोबांच्या जेवणाची वेळ घड्याळावर नाही, गोळीवर ठरवा. लेव्होडोपा जेवणाआधी साधारण अर्धा तास, आणि अंग मोकळं झालं की जेवण. गोळी आणि प्रथिनांचं जेवण एकदम दिलं तर गोळी नीट लागत नाही. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड लिहिलं गेलं असेल तर डॉक्टरांना विचारा, पार्किन्सन्समध्ये ते कंप आणि गिळणं दोन्ही बिघडवतं.

गोळ्यांचं चौघांनाही लागू: खलबत्त्यात घालण्याआधी नाव बघा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर असेल तर कुटायची नाही, दिवसभराचा डोस एकदम उतरतो. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली पँटोप्राझोल, आवरणाची अ‍ॅस्पिरिन यांचंही तेच. बदली औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि सिरप म्हणजे सोपं, असं समजू नका. सिरपही पातळच असतं.

राहिल्या ट्यूबच्या आजी. नळी आहे म्हणजे न्यूमोनियापासून सुटका, हा समज आधी काढा. लाळ तर घशात उतरतेच, आणि पोटातलं वर येतं. प्रत्येक फीडआधी नाकाशी नळीची खूण जिथे होती तिथेच आहे का बघा, सिरिंजने थोडं ओढून पीएच पट्टीवर 5.5 किंवा कमी आहे का बघा. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवा सोडल्याचा आवाज ऐकणं ही पद्धत भरवशाची नाही; फुफ्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देते. शंका आली तर एक्स-रे. डोकं 30 ते 45 अंश वर, 200-250 मिली फीड 15-20 मिनिटांत नुसतं उंचीवरून उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका, आधी आणि नंतर 30 मिली पाणी, आणि पुढे तासभर डोकं वरच. नाकातून नळी 4-6 आठवड्यांच्या पुढे लागत असेल तर पोटातून घालायच्या नळीचा विचार होतो. 3 महिने झाले आहेत, म्हणजे हा प्रश्न राऊंडला काढायला उशीरच झालाय.

केस पेपरवर "जेवण घेतलं" असं लिहू नका. "स्तर 4, 150 मिली, 25 मिनिटं, ठसका 1, आवाज स्वच्छ, गाल रिकामा" असं लिहा. वजन आठवड्याला एकदा. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर ते डॉक्टरांना सांगण्याइतकं मोठं आहे.

आणि ट्यूबच्या आजींच्या मुलाला सरळ नाही म्हणू नका. आईच्या तोंडात काही जावं असं त्याला वाटतं, त्यामागे दुःख आहे. त्याला सांगा की तपासणी होईपर्यंत खायला-प्यायला काही देता येणार नाही, एक घोट पाणीही नाही, देवळातलं तीर्थही नाही. आणि मग ब्रश त्याच्या हातात द्या. आईला बसवून, नाहीतर कुशीला वळवून दात आणि जीभ कशी पुसायची ते शिकवा. तपासणीत तज्ज्ञांनी परवानगी दिली तर एक चमचा दाट पन्हं त्याच्याच हातून, तुम्ही शेजारी बसून, घाटीवर बोट ठेवून. गॉझ घट्ट पिळून, ओठांना आणि जिभेच्या टोकाला नुसती ओल लावायला मात्र आजही हरकत नाही. तेही आजी जाग्या आणि बसलेल्या असतानाच.